मुलांसोबत हॉटेलात: रिफिलचे पैसे, वेटरचा आग्रह आणि टिप

पारिजात_डॅलस

बरेच दिवस मनात खदखदतंय, म्हणून धागा काढतेय.

आम्ही डॅलसजवळ राहतो. सासूसासरे नाशिकहून आलेत, म्हणून गेल्या शनिवारी नणंदेच्या घरच्यांसकट सगळे एका मोठ्या साखळीतल्या रेस्टॉरंटमध्ये गेलो. माझी दोन मुलं, तिची दोन. मुलांच्या मेन्यूत जेवणाबरोबर पेय धरलेलं असतं, त्यामुळे मी निर्धास्त होते. वेट्रेसनं आल्याआल्या माझ्या सहा वर्षांच्या मुलालाच विचारलं, "स्ट्रॉबेरी लेमोनेड आवडतं का तुला?" आता सहा वर्षांचं पोर नको म्हणणार आहे का? त्याला मिळालं म्हटल्यावर बाकीच्या तिघांनाही हवं. ग्लास अर्ध्यावर आला की ती पुन्हा मुलांनाच विचारणार आणि दुसरा ग्लास हजर. आम्ही मोठी माणसं सासऱ्यांना कशात अंडं नाही, कशात बीफ नाही हे समजावण्यात गुंतलेलो.

बिल आल्यावर कळलं की जेवणात धरलेलं पेय म्हणजे मशीनचा सोडा किंवा साधं लेमोनेड. स्ट्रॉबेरीचं वेगळं, आणि प्रत्येक ग्लासाचे वेगळे पैसे. नुसत्या लेमोनेडचे ३५ डॉलरच्या वर झाले. त्यावर ८.२५ टक्के कर. आम्ही सहापेक्षा जास्त माणसं, म्हणून १८ टक्के ग्रॅच्युइटी आधीच लावलेली, म्हणजे लेमोनेडवरही टिप. आणि त्याखाली "ॲडिशनल टिप" म्हणून पुन्हा रिकामी ओळ.

मला विचारायचंय ते असं: रिफिलचे पैसे पडतात हे आधी सांगणं वेटरचं काम नाही का? मुलांना थेट विचारून विकणं तुम्हाला पटतं का? आणि अशा वेळी टिप कमी केली तर ती चुकीच्या माणसाला शिक्षा होते का? नवऱ्याचं म्हणणं, सोडून दे. मला सोडवत नाहीये.

निळाई

साध्या नावाच्या मागे फळाचं नाव लागलं की रिफिल फुकट नाही, हे आम्हीही बिल भरूनच शिकलो. स्ट्रॉबेरी लेमोनेड, पीच आइस टी, मँगो अमुकतमुक, सगळं ग्लासावर.

घाटावरचा

३५ डॉलर म्हणजे तीन हजार रुपये! तेवढ्यात आमच्याकडे अख्ख्या सोसायटीच्या पोरांना मस्तानी पाजून वर पार्सल नेता येईल.

निळाई

@घाटावरचा, डॉलरला रुपयांनी गुणू नका हो, इथे आलेल्या प्रत्येक सासऱ्यांचं पहिल्या आठवड्यात रक्तदाब वाढण्याचं तेच कारण असतं.

मशीनवाला

यामागचं गणित सांगतो, मी रेस्टॉरंटची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. सोडा मशीनच्या मागे पुठ्ठ्याच्या खोक्यात सिरपची पिशवी असते. साधारण एक भाग सिरप, पाच भाग सोडावॉटर असं नळातच मिसळलं जातं. ग्लासातल्या ऐवजापेक्षा तो धुवायला, बर्फ करायला आणि आणून द्यायला जास्त खर्च येतो. म्हणून कोक, साधी आइस टी, कॉफी हवी तितकी भरून देतात. स्ट्रॉबेरी लेमोनेडमध्ये फळाची प्युरी असते आणि बऱ्याच ठिकाणी तो ग्लास बारच्या मागे हाताने बनतो. ज्यूस, दूध आणि चॉकलेट मिल्क डब्यातून किंवा बाटलीतून येतं. त्यामुळे मुलं जे पितात नेमकं तेच ग्लासावर मोजलं जातं. पैसे लावण्यात काही गैर नाही. पण मेन्यूत ते बारीक अक्षरात, पानाच्या तळाशी असतं, ते ठळक लिहायला काय हरकत आहे?

रानफूल

मी स्पष्टच बोलते. टिप कमी करायची. तिला माहीत होतं की रिफिल फुकट नाही, तुम्हाला माहीत नव्हतं, आणि ती मुलाला विचारत राहिली. यात मालकाचा हात कुठे आला? जिभेवर साखर ठेवून मुलांकरवी आईबापांच्या खिशात हात घालणं मला अजिबात मान्य नाही.

कॅरमची_राणी

@रानफूल, थोडी दुसरी बाजू. मी इथेच वाढले, आणि कॉलेजात असताना ह्यूस्टनमध्ये टेबलं सांभाळली आहेत.

फेडरल कायद्याप्रमाणे टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला किमान २.१३ डॉलर द्यायचे. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही, आणि टेक्सासमध्ये तोच चालतो. टिप धरून तासाचे ७.२५ भरले नाहीत तर फरक मालकाने द्यायचा, असं कायदा सांगतो. पण आठवड्याच्या हिशेबात तो फरक मागायला जायची हिंमत किती पोरींना होते, ते मी बघितलंय.

दुसरी गोष्ट म्हणजे टिप-आउट. शिफ्ट संपली की टेबलं पुसणाऱ्या मुलांना आणि बारवाल्याला माझ्या विक्रीचे ठरावीक टक्के द्यावे लागत. मिळालेल्या टिपवर नव्हे, विक्रीवर. म्हणजे कुणी भलंमोठं बिल करून शून्य टिप ठेवली, तर त्या टेबलाचे पैसे माझ्याच एप्रनच्या खिशातून जायचे.

आणि ते लेमोनेड. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी किचनच्या दाराशी उभ्याउभ्या मीटिंग असते. आज हे ड्रिंक, हे डेझर्ट खपवा, असं मॅनेजर सांगतो. कुणी किती खपवलं त्याची यादी तिथेच भिंतीला डकवलेली. जिचा आकडा वर, तिला शनिवार रात्र. जिचा खाली, तिला मंगळवारची दुपार, आणि मंगळवारी दुपारी टेबलं रिकामी असतात. त्या वेट्रेसने तुमच्या मुलाला विचारलं तेव्हा तिच्या डोक्यात ती यादी असणार.

तरीही मुलाला थेट विचारणं मला तेव्हाही पटत नव्हतं, आताही नाही. मी आधी आईकडे बघायची. आईने मान हलवली तरच मुलाला विचारायची.

पारिजात_डॅलस

@कॅरमची_राणी, यादीचं माहीतच नव्हतं. एक सांगा, ती १८ टक्के ग्रॅच्युइटी तिलाच मिळते का?

कॅरमची_राणी

ठिकाणावर आहे. आपोआप लावलेली ग्रॅच्युइटी करखात्याच्या हिशेबात टिप धरत नाहीत, सर्व्हिस चार्ज धरतात. म्हणजे ती आधी रेस्टॉरंटची कमाई होते आणि वेटरला दिली तर पगारात दाखवावी लागते. बरीच ठिकाणं पूर्ण देतात, काही थोडी ठेवून घेतात. वेटरलाच विचारा, सांगतात. खालच्या जादा ओळीत काही दिलं नाही तर कुणाला राग येत नाही. फक्त तिथे शून्य किंवा रेघ घाला आणि एकूण रक्कम स्वतः लिहा, कोरं सोडू नका.

सोलकढी

आपल्याकडेही रिफिल आहेच की! मालवणी थाळीत सोलकढीची एक वाटी थाळीत, दुसरी मागितली की पैसे. आमच्या दादरच्या नेहमीच्या खाणावळीतले काका दुसऱ्या वाटीला हात लावायच्या आधी स्वच्छ आवाजात सांगतात, "एक्स्ट्रा पडेल हां." एवढंच वाक्य. ते ऐकूनही आम्ही घेतोच, आणि जाताना काकांना टिपही ठेवतो. माझी मुलगी तर माशाला हात न लावता सोलकढीवरच जेवते.

घाटावरचा

आणि मिसळीचं विसरलात? रस्सा हवा तितका, पाव मोजून. पोरगं म्हणतं "बाबा अजून तिखट नको," बाबा म्हणतो "अरे फुकट आहे, घे."

पंचगंगा

कोल्हापुरात मटणाच्या ताटावर तांबडा-पांढरा पुन्हा वाढताना बहुतेक ठिकाणी कुणी हिशेब ठेवत नाही. वाढपी वाटी रिकामी दिसली की विचारायच्या आधी ओततोय. पांढरा रस्सा आमच्या घरात लहान पोरांना पहिल्यांदा चमच्याने देतात.

सोलकढी

पंचगंगा, पत्ता मला निरोपाने कळवा.

तर्रीबाज

मिसळ म्हटल्यावर तर्रीचा उल्लेख न करता पुढे जाणाऱ्यांचा नागपूरकडून निषेध :)

हिशेबनीस

धागा मिसळीत बुडायच्या आत भारतातल्या बिलाबद्दल थोडं. इथेही मुलांना घेऊन गेल्यावर घाईत बिल न वाचता पैसे देणारे खूप असतात.

सर्व्हिस चार्ज आणि कर या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के, बिलावर २.५ आणि २.५ असा दोन ओळींत दिसतो. तो सरकारचा. सर्व्हिस चार्ज ५ किंवा १० टक्के दिसला तर तो हॉटेलचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या: सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या कुठल्या नावानेही लावायचा नाही, आणि दिला नाही म्हणून आत येऊ न देणं असले प्रकार करायचे नाहीत. रेस्टॉरंटच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. संघटनांनी त्यावर अपील केलं. तेव्हा बिलात दिसला तर शांतपणे सांगायचं, "हा काढून द्या." बहुतेक ठिकाणी काढतात. नाही काढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणखी एक. छोट्या हॉटेलच्या बिलावर "कंपोझिशन" (छोट्या व्यावसायिकांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असं लिहिलेलं असेल, तर त्यांना ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. तरीही लावलेला असेल तर विचारा.

रानफूल

@हिशेबनीस, उत्तम माहिती. बाटलीचं पाणी एमआरपीपेक्षा जास्त लावतात ते चालतं का? ठाण्यात आम्ही खुर्चीत टेकायच्या आत, मी बाळाला उंच खुर्चीत बसवत असताना, वेटरने दोन बाटल्यांची सील फोडली होती.

हिशेबनीस

डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल संघटनांच्या बाजूने निकाल दिला. बसून जेवताना तुम्ही नुसती बाटली विकत घेत नाही, जागा आणि सेवा पण घेता, म्हणून एमआरपीच्या वर दर लावता येतो, असं त्याचं सार आहे. पण दर मेन्यूवर असायला हवा, आणि न मागता फोडलेली बाटली घ्यायचं तुमच्यावर बंधन नाही. "रेग्युलर की मिनरल?" या प्रश्नाला मी बायकोमुलांच्या देखत मोठ्यांदा "साधं, बर्फाशिवाय" म्हणतो. मुलांसाठी घरची पाण्याची बाटली सोबत असतेच.

केशरमावशी

त्या प्रश्नात खरी गोम आहे. "साधं पाणी" म्हणताना आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं, कारण वेटरच्या विचारण्यात तसा सूर असतो. आमच्या पिढीला ते ओशाळणं फार छळायचं. माझे यजमान पाहुण्यांसमोर कधी "नको" म्हणू शकले नाहीत. पापड, मसाला पापड, सूप, सगळं "आणा" म्हणायचे आणि घरी येऊन बिल उलटसुलट करून बघायचे. माझा जावई हसतमुखाने "नको, थँक यू" म्हणतो आणि वेटरही हसतो. शिकण्यासारखं आहे.

महामार्ग

आमचं साताऱ्याजवळ हायवेला घरचं हॉटेल आहे, म्हणून गल्ल्यामागून लिहितो.

पोळीभाजीत मालकाला फारसं सुटत नाही. सुटतं ते पेयात, पापडात, आइस्क्रीममध्ये. म्हणून सगळेच वेटरला सांगतात, लहान मूल दिसलं की आइस्क्रीमचं कार्ड पुढे करा. काही ठिकाणी बाटलीमागे वेटरला कमिशन असतं, हे मी शेजारीपाजारी पाहिलंय. आमच्या वडिलांनी एक नियम घालून दिलाय तो आजही आहे: मूल मागेल, पण ऑर्डर आईबापाच्या तोंडून घ्यायची. एकदा एका नव्या पोऱ्याने एका मुलाला परस्पर फालुदा दिला. वडिलांनी त्या कुटुंबाकडून पैसे घेतले नाहीत आणि त्या पोऱ्याच्याही पगारातून कापले नाहीत.

टिपचं सांगायचं तर आमच्याकडे गल्ल्याशेजारी डबा आहे. बडीशेपेच्या बशीत राहिलेली नोट वेटर त्यात टाकतो. रात्री शटर ओढल्यावर वाटणी, त्यात भांडी घासणाऱ्या मावशी पण. गेल्या काही वर्षांत डबा हलका झालाय. लोक क्यूआर स्कॅन करतात, खिशात नोट नसते. टिप द्यायची इच्छा असते, पण द्यायची कशी ते कळत नाही. आम्ही आता डब्यावरच वेटरांच्या म्होरक्याच्या खात्याचा वेगळा क्यूआर चिकटवलाय. फरक पडला.

सोलकढी

@महामार्ग, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

श्वार्झवाल्ड

जर्मनीतून. इथे पाणीसुद्धा विकत. हॉटेलात नळाचं पाणी मागितलं तर कपाळाला आठ्या. रिफिल वगैरे भानगड नाही, मूल जितके ग्लास सफरचंदाचा रस पिणार तितके मोजून बिलात. पण मला आवडलेल्या दोन गोष्टी आहेत. एक, दारू विकणाऱ्या हॉटेलात निदान एक बिनदारूचं पेय सगळ्यात स्वस्त दारूपेक्षा महाग नसलं पाहिजे, असा इथे कायदा आहे. दुसरी, लहान मुलांसाठी बऱ्याच मेन्यूत "रॉयबरटेलर" असते, म्हणजे रिकामी ताटली आणि काटाचमचा. मुलाने आईबापांच्या ताटातून पळवून खायचं. बहुतेक ठिकाणी त्याचे पैसे लावत नाहीत. आमची लेक आपल्या बाबांच्या ताटातले सगळे बटाटे लुटते आणि वेट्रेस तिला शाबासकी देते.

टिप इथे पैसे देतानाच तोंडी सांगायची. बिल ३७ चं असेल तर नोट देऊन "४०" म्हणायचं. कुणी टक्के मोजत नाही.

कॅरमची_राणी

रिकामी ताटली! टेक्सासात हे असतं तर मी हौसेने तीच खपवली असती :)

थेम्सकाठी

लंडनमध्ये बिलात १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला असतो, पुढे "ऐच्छिक" लिहिलेलं. काढून द्या म्हटलं तर काढतात. पण १ ऑक्टोबर २०२४ पासून कायदा आलाय की टिप आणि सर्व्हिस चार्ज पूर्णच्या पूर्ण कामगारांमध्ये वाटायचा, मालकाने काही ठेवायचं नाही. तेव्हापासून मी काढायला सांगत नाही.

रिफिलबद्दलही बातमी आहे. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२५ पासून मोठ्या रेस्टॉरंटना साखरेच्या पेयांचं फुकट रिफिल द्यायला बंदी झाली. फ्रान्सने तर २०१७ मध्येच अशी बंदी आणली होती. माझ्या मुलाचा शाळेचा गट वाढदिवसाला गेला तेव्हा फक्त साखर नसलेल्या पेयांचे नळ चालू होते. पोरांनी दोन मिनिटं कुरकुर केली, मग विसरली.

बालरोग_बे_एरिया

मुलांची डॉक्टर म्हणून या धाग्यात डोकावले. पैशाइतकीच मला त्या ग्लासातली साखर दिसते. अमेरिकन हार्ट असोसिएशनचा २०१६ पासूनचा सल्ला आहे की दोन ते अठरा वर्षांच्या मुलांना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सहा चहाचे चमचे. आणि साखरेची पेयं आठवड्यात आठ औंसांपेक्षा जास्त नकोत. रेस्टॉरंटच्या मोठ्या ग्लासात बर्फ बाजूला केला तरी मुलाचा आठवड्याचा वाटा एका बैठकीत संपतो.

आमच्या कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१९ पासून कायदा आहे की मुलांच्या जेवणाबरोबर आपोआप येणारं पेय पाणी किंवा साधं दूध असावं, सोडा किंवा गोड पेय आईबापांनी मागितलं तर मिळेल. पोस्टरवर आणि मेन्यूच्या चित्रात सोडा दिसत नाही, त्यामुळे मुलांचा हट्टही मुळात कमी होतो. टेक्सासच्या रेस्टॉरंटमध्ये असं असतं तर पारिजातताईंच्या टेबलावर ती वेट्रेस दुधाचा ग्लास घेऊन आली असती.

रानफूल

आणि कॅलिफोर्नियात वेटरला टिपशिवाय पूर्ण किमान वेतन मिळतं ना? मग तिथे टिप का द्यायची?

बालरोग_बे_एरिया

मिळतं. २०२५ साली इथे राज्याचं किमान वेतन तासाला १६.५० डॉलर होतं आणि टिप धरून ते कमी करता येत नाही. तरी त्या पैशांत इथे घरभाडं निघत नाही. मी १८ टक्के देते, आणि आमचं धाकटं जेवल्यावर उंच खुर्चीखाली जो भाताचा सडा पडतो तो बघून अजून थोडे. जाताना मोठी शितं आम्हीच ओल्या कागदाने गोळा करतो. पाहुणचार घेतल्यावर तेवढं करायलाच हवं.

दोन_पिल्लं

इथे कुणी टेबलावरच्या त्या टॅबलेटबद्दल का बोलत नाहीये? बिल भरायला म्हणून ठेवलेलं असतं, त्यात मुलांचे गेम. माझ्या मुलीने एक बटण दाबलं आणि दोन डॉलर बिलात. आता बसल्याबसल्या मी ते उपडं करून शेजारच्या रिकाम्या टेबलावर ठेवते. आणि हो, त्याच टॅबलेटवर टिपचे पर्याय २०, २२, २५ असे मोठ्या चौकोनांत असतात. स्वतःचा आकडा घालायचं बटण कोपऱ्यात बारीक. शिवाय टक्के बरेचदा कर धरून केलेले असतात. टिप कराआधीच्या रकमेवर काढतात.

निळाई

+१. आणि उलटंही लक्षात ठेवा. "मंगळवारी मुलांचं जेवण फुकट" असेल तेव्हा टिप मूळ किमतीवर द्या. वेटरने चार ताटं आणली, बिलात दोन दिसतात, म्हणून त्याचं काम अर्धं होत नाही.

पारिजात_डॅलस

सगळ्यांचे मनापासून आभार. मॅनेजरला फोन केला. वेट्रेसची तक्रार करायची नाही असं आधीच ठरवलं होतं, कॅरमची_राणी यांचं वाचून. म्हटलं, मुलांच्या मेन्यूच्या पानावर स्ट्रॉबेरी लेमोनेडचं मोठं चित्र आहे आणि प्रत्येक ग्लासाचे पैसे पडतात हे पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात आहे. हे त्यांचं काम आहे, तिचं नाही. तो म्हणाला, वर कळवतो. काही ग्लासांचे पैसे परत करतो म्हणाला. ग्रॅच्युइटी मात्र होती तशी राहू दे, असं मी सांगितलं.

आता घरी ठरलंय. टेबलाशी बसल्याबरोबर, मेन्यू उघडायच्या आधी, वेटरला सांगायचं: "मुलांना पाणी आणि दूध. दुसरं काही हवं असेल तर मी सांगेन, कृपया मलाच विचारा." काल दुसऱ्या ठिकाणी सांगून पाहिलं. वेटर "शुअर" म्हणाला आणि जेवण संपेपर्यंत खरंच मलाच विचारत होता. धाकट्याने एकदा लेमोनेडचं नाव काढलं, तेव्हा आजोबांनी त्याला आपल्या ताकाची आठवण करून दिली. घरी आल्यावर दोघांनी ताक केलं, हिंग-जिरं घालून.

केशरमावशी

शाब्बास. वाक्य पाठ करते, पुढच्या महिन्यात नातवाकडे ऑस्टिनला जायचंय.

महामार्ग

@पारिजात_डॅलस, हॉटेलवाल्याच्या बाजूने सांगतो, असं पहिल्यांदाच स्पष्ट सांगणारं गिऱ्हाईक आम्हाला आवडतं. वेटरच्या डोक्यावरचा ताण जातो. सांगायला संकोच करू नका.

रानफूल

मी अजूनही म्हणते, ती १८ टक्के आपोआप लागली नसती तर मी १५ दिले असते आणि का ते तिला समोर सांगितलं असतं. सांगितल्याशिवाय कमी केलेली टिप तिला कंजूषपणा वाटेल, सांगून कमी केलेली लक्षात राहील. कॅरमची_राणी, तुम्हाला कुणी असं तोंडावर सांगितलं असतं तर?

कॅरमची_राणी

एका आजींनी सांगितलं होतं. नातवाला दुसरं मिल्कशेक मी परस्पर आणलं नव्हतं, शिफ्टमधल्या माझ्या सोबत्याने आणलं होतं, पण टेबल माझं होतं. त्या म्हणाल्या, "बाळा, पुढच्या वेळी मला विचार." वाईट वाटलं. पण पूर्ण टिप ठेवून जाऊन नंतर ऑनलाइन दोन तारे देणाऱ्यांपेक्षा ते शंभर पटीने बरं होतं. तेव्हा १५ द्या हवे तर, पण सांगून द्या.

दोन_पिल्लं

आणि सांगताना मुलांच्या समोर नको. बिलाचं फोल्डर द्यायच्या वेळी, उभं राहून, हळू आवाजात.